रजा नव्हे, सुट्टी

13 फेब्रुवारी 2024, मंगळवार. न्यू जर्सीत मी ज्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो, त्याला जमिनीलगत एक आडवी खिडकी होती. तिच्यातून जग दिसायचं ते फक्त गुडघ्यापर्यंत. पहाटेपासून बर्फ पडत होता. साडेदहाच्या मीटिंगला मी हेडफोन लावून बसलो आणि खिडकीबाहेर बुटांची वरात सुरू झाली. लाल बूट, निळे बूट, दोरीने ओढत नेलेली प्लॅस्टिकची स्लेड, मागून धावणारे कुत्र्याचे चार पाय. गावातल्या शाळांना स्नो डे मिळाला होता. त्याच वेळी माझ्या डोक्यावरच्या मजल्यावरून वहिनींचा आवाज येत होता, "आधी छेद समान करून घे. मग बेरीज."

वहिनी म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. दादा माझ्यासारखेच आयटीतले, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. थोरली अकरा वर्षांची, धाकटा आठ. दोघंही शाळेत जात नाहीत. कोविडमध्ये शाळा घरी आली आणि या घराने ती परत पाठवलीच नाही. यात ते एकटे नव्हते. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या पाहणीत, शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबांपैकी 5.4 टक्के कुटुंबांनी 2020 च्या वसंतात मुलांना घरी शिकवत असल्याचं सांगितलं होतं. त्याच वर्षी पानगळ सुरू झाली तोवर हा आकडा 11.1 टक्क्यांवर गेला होता. पुढे लाट ओसरली, पण बरीच घरं मागे फिरली नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत मी ड्राइव्हवे साफ करायला वर गेलो. फावडं हातात घेऊन बूट चढवत होतो, तेवढ्यात धाकटा जवळ आला. हातात पेन्सिल. त्याने विचारलं, "काका, तुमच्या ऑफिसला पण स्नो डे नसतो?"

त्या 'पण'वर मी अडकलो. आठ वर्षांच्या पोराने मला आपल्या पंगतीत बसवलं होतं.

मी वहिनींना म्हटलं, आज द्या ना सोडून. त्या हसून म्हणाल्या, "अरे, स्नो डे बसवाल्यांसाठी असतो. आमची बस कुठे अडकणार आहे? जिन्यावर?"

वाक्य फर्मास आहे. मीही हसलो. होमस्कूल करणाऱ्या कुटुंबांना विचारा, थोड्याफार फरकाने हेच उत्तर मिळतं: रस्ता बंद झाला तर आमचं काय बिघडतं? आमचा वर्ग डायनिंग टेबलावर भरतो. गेली दोन वर्षं मी या उत्तराशी मनातल्या मनात भांडतोय. आता ते भांडण जाहीर करतो. वहिनींनी लिहायला परवानगी दिली आहे, मात्र त्यांना माझं म्हणणं पटलेलं नाही, हेही नोंदवायला सांगितलं आहे.

माझं म्हणणं असं: होमस्कूल करणाऱ्या घरांनी स्नो डे घेतलाच पाहिजे. शेजारच्या शाळा ज्या दिवशी घेतील त्याच दिवशी, पूर्ण दिवस, आणि वहीत त्याची कुठलीही शैक्षणिक नोंद न करता. मी तर म्हणेन, बसने जाणाऱ्या मुलांपेक्षा घरात शिकणाऱ्या मुलांना या दिवसाची गरज जास्त आहे.

ज्यांनी बर्फ फक्त रीलमध्ये किंवा मनालीत पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेच्या ईशान्येकडे हिवाळ्यात वादळाचा अंदाज आला की शाळांचे अधिकारी आदल्या रात्री किंवा पहाटे ठरवतात, उद्या शाळा भरवायची की नाही. प्रश्न मुख्यतः पिवळ्या बसचा असतो. निसरड्या रस्त्यावर पन्नास मुलं घेऊन ती चालवायची का? उत्तर 'नको' आलं की स्नो डे. पूर्वी हे रेडिओवर आणि टीव्हीच्या खालच्या पट्टीत कळायचं, आता आईबाबांच्या फोनवर मेसेज येतो. मुलांचे आदल्या रात्रीचे तोडगे ठरलेले. पायजमा उलटा घालून झोपायचं, उशीखाली चमचा ठेवायचा, फ्रीजरमधले बर्फाचे तुकडे कमोडमध्ये टाकून फ्लश करायचं. अत्यंत शास्त्रशुद्ध उपाय आहेत, शंका काढू नये.

आपल्याकडे याची सख्खी बहीण आहे: पावसाची सुट्टी. मी डोंबिवलीत वाढलो. तेव्हा सुट्टी व्हॉट्सअ‍ॅपवर यायची नाही. छत्री उलटी होत, दप्तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शाळेच्या फाटकापर्यंत जावं लागायचं आणि शिपाईकाका हात हलवून सांगायचे, "जा घरी, आज नाही." त्या चार शब्दांएवढा आनंद पुढे मला पहिल्या पगारानेही दिला नाही. घरी आलं की लाइट गेलेले असायचे, म्हणून बिल्डिंगमधली सगळी पोरं जिन्यात जमायची आणि व्यापारचा डाव मांडायची. पहिल्या मजल्यावरच्या आजी वरून ओरडायच्या. नंतर कधीतरी एखाद्या शनिवारी पूर्ण दिवस शाळा भरवून ती सुट्टी वसूल केली जायची. त्या वसूल केलेल्या शनिवारांतला एकही मला आठवत नाही. जिना आठवतो.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळे आहेत हे फार बरं आहे. रजा आणि सुट्टी. रजा मागावी लागते. तिला कारण लागतं, अर्ज लागतो, वरच्याची मंजुरी लागते, आणि ती शिलकीतून वजा होते. सुट्टी मिळते. ती कोणी मागितलेली नसते आणि ती कुणा एकाची नसते.

'आम्हाला स्नो डे कशाला, आम्ही हवं तेव्हा सुट्टी घेऊ शकतो' हा होमस्कूलवाल्यांचा पहिला मुद्दा इथेच घसरतो. ते म्हणतात, ऑक्टोबरात पानं रंगली की आम्ही मंगळवारी डोंगरावर जातो, बाकीची पोरं वर्गात असतात. छान आहे. मला हेवाही वाटतो. पण ती रजा झाली. आईने कॅलेंडर बघितलं, हवामान बघितलं, मंगळवार मोकळा केला. मंजुरी आईची आणि शिल्लकही आईच्या वहीत. मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपल्या घरात वेळ आईबाबांच्या मर्जीने उघडतो आणि बंद होतो. स्नो डेला त्याला वेगळं काही दिसतं. मोठ्या माणसांनी आखलेलं वेळापत्रक, ज्यापुढे रडून, रुसून, पोटात दुखतंय सांगून काही चालत नाही, ते एका रात्रीत मुकाट्याने बाजूला झालेलं दिसतं. आईबाबांपेक्षा मोठं कुणीतरी आहे आणि आज आईबाबाही त्याचं ऐकतात. ही गोष्ट सांगून कळत नाही. वर्षातून दोन-तीनदा दिसावी लागते.

शाळेत जाणाऱ्या मुलाला हे दाखवायला इतरही गोष्टी असतात. बाई आजारी पडतात, बस चुकते, फायर ड्रिलचा भोंगा वाजतो, तीन वाजता घंटा होते आणि शाळा मागे राहते. शाळेला भिंती असतात, त्यामुळे शाळेला 'बाहेर' असतं. घरातल्या शाळेला बाहेर नाही. जी आई सकाळी अपूर्णांक शिकवते तीच दुपारी वरणभात वाढते आणि रात्री गोष्ट वाचते. ज्या टेबलावर गणित चुकलं त्याच टेबलावर जेवायचं. अशा शाळेला बंद करणारी घंटा आतून वाजणं कठीण. ती बाहेरून वाजायला हवी. आभाळाने वाजवली तर उत्तमच.

दुसरा मुद्दा नुकसानीचा. दिवस वाया जातो, अभ्यास मागे पडतो. मी इंजिनियर आहे, वाया जाण्याचा हिशेब मांडायला मला आवडतं. तर मांडू.

हार्वर्डमध्ये असताना जोशुआ गुडमन या अर्थशास्त्रज्ञाने मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांची आकडेवारी घेऊन याच प्रश्नाचा अभ्यास केला होता. तो 2014 साली प्रसिद्ध झाला. त्याला आढळलं की बर्फामुळे शाळा बंद राहिल्याचा मुलांच्या परीक्षेतल्या गुणांवर काही परिणाम दिसत नाही. परिणाम दिसतो तो एकेकट्या मुलाच्या गैरहजेरीचा. कारण समजायला सोपं आहे. शाळाच बंद असली की सगळ्यांचा धडा एकाच जागी थांबतो आणि दुसऱ्या दिवशी बाई तिथूनच पुढे सुरू करतात. पण शाळा चालू असताना वीसांतली चार मुलं आली नाहीत, तर बाईंना त्या चौघांसाठी मागे जावं लागतं आणि उरलेल्या सोळांचा वेळ जातो. घोळ बंद दिवसाचा नसतो, मागेपुढे झालेल्या मुलांचा असतो. आता हे वहिनींच्या वर्गाला लावा. पटावर दोन मुलं. दोघंही एकदम सुट्टीवर, बाईही सुट्टीवर. कोण मागे पडलं? कोणाच्या मागे?

कायद्याचं म्हणाल, तर तो प्रत्येक राज्यात वेगळा आहे. न्यूयॉर्क राज्य होमस्कूल कुटुंबांकडून पहिली ते सहावीसाठी वर्षाला 900 तास आणि सातवी ते बारावीसाठी 990 तास मागतं, शिवाय दर तिमाहीला अहवाल. 900 तास म्हणजे 180 दिवसांचे रोज पाच तास. हिवाळ्यात अगदी पाच स्नो डे घेतले तरी पंचवीस तास गेले. वर्षातले पन्नास दिवस अर्धा-अर्धा तास जास्त बसलं की भरपाई पूर्ण. ज्या घराला उन्हाळ्यातही शिकवायची मुभा आहे, त्याने पंचवीस तासांसाठी हवालदिल व्हावं? आणि न्यू जर्सी? हे राज्य घरी शिकवणाऱ्या पालकांकडून तासही मागत नाही आणि हजेरीपटही मागत नाही. शाळेइतकं शिक्षण दुसरीकडे मिळावं, एवढीच कायद्याची अपेक्षा. म्हणजे वहिनींची जी सुंदर स्प्रेडशीट आहे, विषयवार रंगीत रकान्यांची, ती सरकारने मागितलेली नाही. ती त्यांनी स्वतःला मागितली आहे.

त्या स्प्रेडशीटमुळेच तिसरा मुद्दा येतो आणि माझा खरा राग तिसऱ्या मुद्द्यावर आहे. तो मवाळ, समंजस पालकांचा मुद्दा आहे. ते म्हणतात, ठीक आहे, गणित नको, आज बर्फातच शिकू. बर्फाची खोली पट्टीने मोजा, ते झालं गणित. कप भरून बर्फ वितळवा, पाणी किती उरलं बघा, ते झालं विज्ञान. स्नोमॅनवर पाच वाक्यं लिहा, ती झाली भाषा. संध्याकाळी वहीत नोंद: विज्ञान दोन तास, शारीरिक शिक्षण दीड तास. सगळ्यांना आनंद आणि तासही भरले.

यापेक्षा सरळ अपूर्णांक परवडले. अपूर्णांकांना निदान संपायची वेळ असते. तुम्ही बर्फालाही कामाला लावलंत, आता मुलाने जायचं कुठे? ज्या घरात प्रत्येक गोष्ट शिक्षण होऊ शकते, त्या घरात कुठलीच गोष्ट नुसती गोष्ट राहत नाही. आमच्या धंद्यात ही सवय मी रोज बघतो. पळायला गेलो तर घड्याळ पावलं मोजतं, झोपलो तर झोपेला गुण देतं, पुस्तक वाचलं तर वर्षाचं टार्गेट पुढे सरकतं. हे आम्ही वयाच्या पंचविशीत स्वतःला लावून घेतलं. आठव्या वर्षी कुणी आपल्याला लावू नये.

यावर मला बेंटलीचं उदाहरण ऐकवता येईल, म्हणून मीच सांगतो. विल्सन बेंटली, व्हर्मांटमधल्या जेरिको गावचा शेतकऱ्याचा मुलगा, जन्म 1865. आई आधी शिक्षिका होती आणि वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत तो बराचसा तिच्याकडे घरीच शिकला. म्हणजे आजच्या भाषेत होमस्कूलर. आईच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याने बर्फाचे कण बघितले आणि तो खुळावला. आधी चित्रं काढायचा प्रयत्न केला, पण कण वितळायचे. मग सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला आणि 15 जानेवारी 1885 रोजी, एकोणिसाव्या वर्षी, बर्फाच्या कणाचं छायाचित्र घेतलं. पुढे आयुष्यभर त्याने अशी पाच हजारांहून जास्त छायाचित्रं घेतली. 1931 साली त्यातली दोन हजारांवर छायाचित्रं पुस्तकात आली आणि त्याच डिसेंबरात तो न्यूमोनियाने गेला. बर्फाचे दोन कण सारखे नसतात, हे वाक्य आज शाळकरी पोरांच्या तोंडी आहे, त्याच्या मागे हा माणूस आहे.

बघा, घरी शिकलेला मुलगा, बर्फातून विज्ञान शिकला! असं म्हणून कुणी स्प्रेडशीट पुढे करेल. पण बेंटलीच्या आईने त्याला सूक्ष्मदर्शक दिला, वर्कशीट दिली नाही. तो थंड खोलीत तासन् तास श्वास रोखून बसायचा, ते कुणी 'विज्ञान, दोन तास' म्हणून लिहून घेतलं नाही. लिहून घेतलं असतं तर तो दोन तासांनी उठला असता. आणि खरं सांगायचं तर बेंटलीची गरजच नाही. शंभर मुलांना बर्फात सोडलं तर शंभरातलं एकही बेंटली होणार नाही. मोजे ओले करून, नाक गळत घरी येतील. तेवढं पुरे आहे. सुट्टीला फळ दाखवावं लागलं की ती सुट्टी राहत नाही.

आता त्या बुटांकडे परत येतो. होमस्कूल घरांवर सगळे एकच प्रश्न फेकतात: मुलांना मित्र कसे मिळणार? पालक त्याने वैतागतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ते मुलांना को-ऑपला नेतात, पोहायला नेतात, मराठी शाळेत रविवारी नेतात. पण हे सगळं ठरवून, गाडीत बसवून, वेळ जुळवून. गल्लीतली सगळी मुलं एकाच वेळी, काही न ठरवता, बाहेर असण्याचा दिवस अमेरिकेच्या उपनगरात फार विरळा. उन्हाळ्यात जो तो कॅम्पला, शाळेच्या दिवसांत जो तो क्लासला. स्नो डेला मात्र टेकाड एकच असतं आणि सगळे तिथेच येतात. कोणाची स्लेड मोडते, कोणाला दुसऱ्याची मिळते, भांडण होतं, मिटतं. आणि नेमक्या त्या दिवशी होमस्कूलचं पोर काचेआड बसून छेद समान करतं. वर्षभर मित्रांसाठी एवढी धावपळ करायची आणि मित्र आपणहून दारासमोर आले त्या दिवशी दार लावून घ्यायचं, हा व्यवहार मला तरी उमजत नाही.

याच मंगळवारी हडसन नदीच्या पलीकडे काय चाललं होतं तेही सांगायला हवं. न्यूयॉर्क शहराने सरकारी शाळांतल्या सुमारे नऊ लाख मुलांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं, उद्या शाळेत येऊ नका, घरून लॉगिन करा. मध्ये कोविड येऊन गेला होता, सगळ्यांकडे उपकरणं होती, वर्षाला 180 दिवस भरायचे होते, मग बर्फाने शाळा का थांबावी? सकाळी सगळ्यांनी एकदम लॉगिन केलं आणि यंत्रणा गुदमरली. हजारो मुलं चाक फिरताना बघत बसली. सेंट्रल पार्कमध्ये बर्फ पडला जेमतेम तीन इंच. न्यू जर्सीत मात्र एक-दोन दिवसांच्या बर्फासाठी घेतलेला ऑनलाइन वर्ग कायद्याने त्या 180 दिवसांत धरत नाहीत, म्हणून शाळांनी सरळ सुट्टी दिली आणि माझ्या खिडकीतून बूट गेले.

एक गंमत अशी की याच न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने 2020 साली, आपल्या 125 वर्षांच्या इतिहासात सर्वांत जास्त वेळा नेलं गेलेलं पुस्तक जाहीर केलं. ते होतं एझ्रा जॅक कीट्सचं 'द स्नोई डे', 1962 सालचं. लाल कपड्यातला एक लहान मुलगा दिवसभर बर्फात फिरतो, बास. पिढ्यान् पिढ्या शहराने हे पुस्तक मुलांना वाचून दाखवलं, आणि मग त्याच शहराने पुस्तकातला दिवस काढून घेतला.

यावर 'होमस्कूलवाले' म्हणतील, बघा, शाळा किती वाईट, म्हणून तर आम्ही बाहेर पडलो. माझं त्यांना सांगणं आहे, नीट बघा, न्यूयॉर्कची शाळा त्या दिवशी तुमच्यासारखीच वागली. शाळा घरात आली, म्हणून सुट्टीचं कारण उरलं नाही. 'आमची बस कुठे अडकणार आहे?' हे वाक्य आता नऊ लाख मुलांना लागू झालं. वहिनींनी ते हसत म्हटलं, शहराने परिपत्रक काढून म्हटलं, एवढाच फरक.

शाळांची अडचण मी नाकारत नाही. तासावर पगार मिळणाऱ्या आईला स्नो डे म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. शाळेत दुपारचं जेवण मिळणाऱ्या मुलाला स्नो डे म्हणजे कदाचित नुसताच ब्रेड. आपल्याकडेही पावसाच्या सुट्टीने सगळेच नाचत नाहीत. मुंबईत पाणी भरलेल्या चाळीत सुट्टीला काही शोभा नसते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि कितीतरी मुलं रात्रभर घरी पोचली नाहीत. आभाळाचं कौतुक करताना हे विसरू नये. पण होमस्कूल घराला यातली एकही अडचण नाही. आई किंवा बाबा घरातच आहेत, जेवण ओट्यावर आहे, कुणाला कुठे पोचायचं नाही. ज्याला सुट्टी सगळ्यात स्वस्त पडते तोच ती नाकारतो.

का नाकारतो, हे मला उशिरा कळलं. एका रविवारी वहिनींचा पुण्याला व्हिडिओ कॉल चालू होता. पलीकडून त्यांच्या सासूबाई विचारत होत्या, "पण शाळेत कधी घालणार आहात गं त्यांना?" चार वर्षं झाली तरी प्रश्न तोच. दादांचे मित्र विचारतात, कॉलेजला कसं होणार? शेजारी अकरा वाजता मुलं अंगणात दिसली की बघतात. होमस्कूल करणारी आई कायम साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी असते. तिने दर दिवशी सिद्ध करायचं की मी आळशी नाही, मुलं वाया जात नाहीत. 'वाया जाणं' हा आपल्या मध्यमवर्गाचा सगळ्यात मोठा धाक. दूध वाया, फी वाया, वर्ष वाया, मुलगा वाया. शाळेने सुट्टी दिली तर ती शाळेची जबाबदारी, आईने दिली तर आईचा गुन्हा. म्हणून ती रंगीत स्प्रेडशीट. ती मुलांची हजेरी नाहीच, वहिनींच्या बचावाचा पुरावा आहे.

एवढं कळल्यावर माझा वहिनींवरचा राग गेला, पण माझं म्हणणं उलट पक्कं झालं. कारण या घरात सुट्टी सगळ्यात जास्त कोणाला हवी आहे, तर वहिनींना. शाळेच्या बाईंना स्नो डे मिळतो. त्या सकाळी मेसेज बघून पुन्हा झोपू शकतात. वहिनींना चार वर्षांत एकदाही कुणी फाटकावर हात हलवून सांगितलं नाही, "जा घरी, आज नाही." स्वतःला त्या सांगू शकत नाहीत, पुराव्यात भोक पडतं. म्हणून मी म्हणतो, निर्णयच स्वतःकडे ठेवू नका. सोपा नियम करा: गावातली शाळा बंद, तर आपली बंद. सासूबाईंनी विचारलं तर सांगा, "आज इथे सगळ्याच शाळांना सुट्टी आहे." खोटं काहीच नाही त्यात. सुट्टी उसनी घ्या. आकाशाकडून घेतलेलं उसनं परत द्यावं लागत नाही.

आणि त्या दिवशी वहिनींनी ओले मोजे वाळवत, कोको उकळत दिवस काढायचा असं नाही. दादाही घरीच असतात, वरच्या खोलीत, माझ्यासारखेच हेडफोन लावून. मोजे त्यांनाही वाळवता येतात.

आता माझ्याबद्दल, कारण धाकट्याने प्रश्न मला विचारला होता. तुमच्या ऑफिसला पण स्नो डे नसतो? मी म्हटलं, "नाही रे, आमचं सगळं ऑनलाइन." फावड्याने वाट करून दिली आणि खाली गेलो, कारण दीड वाजता डेमो होता. गंमत अशी की माझ्या खात्यात तेव्हा अकरा दिवसांची रजा शिल्लक होती. मॅनेजरला 'दुपारी नाही' एवढं लिहिलं असतं तर त्याने अंगठा दाखवला असता. मला कुणी अडवलं नव्हतं. मी विचारलंच नाही. लॅपटॉप चालू होता, वायफाय चालू होतं, मग थांबायचं कारण काय? माझी बस कुठे अडकणार होती? बेसमेंटच्या जिन्यावर?

ज्या फीचरचा तो डेमो होता ते एप्रिलमध्ये रद्द झालं. बर्फ दोन दिवसांत चिखल झाला. टेकाडावर त्या दिवशी काय झालं ते मला माहीत नाही, मी फक्त बूट पाहिले, जाताना आणि दुपारी परत येताना. परत येताना ते हळू चालत होते.

वहिनींच्या मुलांना पुढे माझ्यासारखीच नोकरी लागेल, बहुतेक. घर हेच ऑफिस, वेळापत्रक आपलं आपण आखायचं, कुणी घंटा वाजवणार नाही. त्या नोकरीसाठी अपूर्णांक लागतात हे खरं. पण खिडकीबाहेर बर्फ पडतोय म्हणून काम खाली ठेवून उठणं, हे मला अजून जमत नाही, आणि मला ते शिकवायला कुणी नाही. त्यांना शिकवायला आई आहे. तिने फक्त एक दिवस शिकवायचं थांबवायला हवं.